बसखालची मळणी

उन्हं डांबरावर आली तशी तिघांनी मिळून हरभरा रस्त्यावर पसरला, आणि बाजूला सरून बसची वाट बघत बसली. बस आली नाही.

नाक्याच्या बायकोने दाताळ्याने कडेची झाडं आत ओढली, मग विस्कटली, मग पुन्हा ओढली. करण्यासारखं काही नव्हतं म्हणून ती करत होती. म्हातारी, म्हणजे नाक्याची आई, साइडपट्टीवर पाय लांब करून बसली होती. नाक्या खिंडीकडे डोळे लावून उभा होता. सगळी झाडं वाळून कडक झाली होती. हात लावला की घाटे खुळखुळत. असा माल फार दिवस उघड्यावर ठेवायचा नसतो. त्यात वारा पडला होता, आणि नदीच्या पलीकडे आभाळ राखेच्या रंगाचं झालं होतं.

हा रस्ता तसा राज्य मार्ग. त्याला नंबर आहे, आणि तो नंबर दर किलोमीटरच्या दगडावर रंगवलेला आहे. स्टेशनच्या मालधक्क्यामागून तो निघतो, वीटभट्ट्यांच्या धुरातून जातो, गुरांच्या बाजाराला वळसा घालतो, बंद पडलेल्या वजनकाट्यापाशी अरुंद होतो, मग खिंड चढतो आणि दोन वळणं घेऊन नदीवर उतरतो. उतरतो म्हणजे सरळ पाण्यात जातो. राज्यात याहून आखूड राज्य मार्ग नसेल असं लोक म्हणतात. खरं-खोटं कुणी मोजलेलं नाही. शेवटच्या पाटीवर पलीकडच्या गावाचं नाव आणि बाण आहे. बाण नदीकडे बघतो.

एके काळी त्या बाणाला अर्थ होता. पलीकडे दगडाच्या खाणी होत्या. तिथला दगड रेल्वेला लागायचा, म्हणून इथं मोठा लोखंडी तराफा चालायचा आणि त्यावरून ट्रक नदी ओलांडायचे. तराफ्यासाठी रस्ता झाला. रस्ता होताना म्हातारी नव्यानेच सासरी आली होती, आणि सासरचं पहिलं काम म्हणून तिने खडी फोडली होती. नाक्याचा बाप टोलनाक्यावरचा बांबू वर-खाली करायचा. म्हणून पोराचं नाव नाक्या पडलं. शाळेच्या दाखल्यावर वेगळं नाव होतं, पण ते शाळेबरोबर संपलं.

पुढे पूल होणार म्हणून इथं खुंट्या मारल्या. खुंट्या दोन पावसाळे राहिल्या आणि पूल भलत्याच ठिकाणी, पार वर झाला. खाणीचे ट्रक तिकडून जायला लागले. तराफा कापून भंगारात गेला. रस्ता मात्र कापून भंगारात देता येत नाही. तो राहिला, त्याचा नंबर राहिला, आणि कुणी बंद करायचं विसरलं म्हणून सकाळ-संध्याकाळची बस राहिली. ट्रक रांगेत थांबायचे त्या मोकळ्या गोलात ती वळून परत जायची.

नदी ओसरली की गोलाच्या खाली गाळाची पट्टी उघडी पडते. तीच नाक्याची शेती. पट्टी पावसाळाभर पाण्याखाली असते, त्यामुळे वर्षाला पीक एकच, हरभरा. घरचं खाणं, विकायचं आणि पुढच्या वर्षाचं बी, सगळं त्यातूनच.

बैल होते तोवर मळणी बैलांनी व्हायची. बैल गेले त्या साली बापाने हरभरा तात्पुरता रस्त्यावर ठेवला, बस त्यावरून गेली, आणि बापाने वाकून बघितलं तर घाटे फुटून दाणे सुटे झालेले, एकही दाणा दुखावलेला नाही. रबरी टायर, वर माणसांचं वजन, खाली सपाट डांबर. बापाने बसला नमस्कार केला म्हणतात. तेव्हापासून दरसाल तसंच. बसचा ड्रायव्हर मनाने मोकळा. हरभऱ्याच्या दिवसांत तो गोलात एका फेरीऐवजी तीन मारायचा. एक फेरी सरकारची आणि दोन मावशीच्या, असं तो म्हातारीला ओरडून सांगायचा. आतले उतारू कधी हसायचे, कधी शिव्या द्यायचे. तीन-चार दिवसांत मळणी उरकायची.

दुपार कलली तेव्हा खिंडीकडून एक गुराखी आला. रस्ता वर खणलाय, म्हणाला. बस वीटभट्टीपाशीच थांबते आणि तिथूनच मागे फिरते. नवीन डांबर टाकणार आहेत.

बायकोने नाक्याकडे बघितलं. नाक्या दुसरीकडे बघायला लागला.

त्याला कारण होतं. सात-आठ वर्षं बांधकाम खात्याच्या कचेरीत हेलपाटे घालणारा माणूस हाच. खिंडीतले खड्डे वाढले तेव्हा, एक दिवस बस यायची बंद होईल, या धसक्याने तो महिन्या-दोन महिन्यांनी तालुक्याला जायचा आणि कचेरीच्या बाकावर बसून यायचा. तो आला की शिपाई म्हणायचा, आले बघा राज्य मार्गाचे मालक. कधी साहेब दौऱ्यावर, कधी साहेब नवीन, कधी काम वर पाठवलंय. शेवटी शेवटी तर त्याला आत कुणी विचारायचंही नाही. तो बसायचा, पाणी प्यायचा, परत यायचा.

"तुम्हीच मागितलं होतंत ना," बायको म्हणाली. "आलं आता."

म्हातारीने तोंडावर पदर धरला. ती हसत होती की काय ते कळलं नाही.

नाक्या खिंडीपर्यंत चालत गेला. वर खरंच काम निघालं होतं. जुनं डांबर उखडून कडेला फेकलं होतं, डांबराची भट्टी धुमसत होती, पायाला पोती गुंडाळलेली माणसं गरम खडी ओढत होती. बाजूला रोलर उभा होता. मुकादम छत्रीखाली बसला होता. नाक्याने त्याला, किती दिवस लागतील, विचारलं. डांबर येईल तसं, मुकादम म्हणाला. आठ दिवस लागतील, पंधराही लागतील. निदान एका बाजूने तरी बस सोडता येईल का, असं नाक्याने विचारलं आणि मग, कशाला, हेही सांगून टाकलं. सांगायला नको होतं. मुकादमाने लगेच सगळ्यांना बोलावून ते ऐकवलं, आणि भट्टीपाशी हसू पसरलं. एकाने विचारलं की दळण पण बसकडूनच करून घेता का.

वीटभट्टीपाशी जाऊन त्याने ड्रायव्हरलाही गाठलं. ड्रायव्हरला वाईट वाटलं, पण त्याच्या हातात काही नव्हतं. हरभरा इथवर आण, इथं चक्कर मारतो, म्हणाला. एवढा माल डोंगर चढवून आणायचा कशावर, हे त्यालाही माहीत होतं. बोलायचं म्हणून तो बोलला होता.

येताना नाक्याने बाजारापाशी मळणी यंत्रवाल्याचं दार वाजवलं. यंत्रवाला जेवत होता. घास न थांबवता त्याने सांगितलं की रस्ता खणलेला असताना यंत्र खाली न्यायचं म्हणजे काय उडत न्यायचं? आणि इतकी वर्षं बस बरी वाटली, आता यंत्र आठवलं होय?

घरी आल्यावर नाक्याने यातलं निम्मं सांगितलं. बायकोने उरलेलं ओळखलं.

दुसऱ्या दिवसापासून तिघं बडवायला बसली. जाड काठ्यांनी हरभऱ्याची झाडं झोडपायची, उलटायची, पुन्हा झोडपायची. इतक्या वर्षांत ही सवय मोडली होती. नाक्याच्या तळव्याला फोड आले आणि फुटले. बायकोची कंबर धरली, ती गुडघ्यावर बसून बडवायला लागली. घाट्यांची बारीक लव घामात मिसळून मानेला, कोपरांना आग लावत होती. म्हातारीची काठी उठायची आणि नुसती पडायची, त्यात जोर नव्हता. पण ती उठायला तयार नव्हती. दिवसभर बडवून जेवढं निघालं ते सुपात मावलं. ढिगाचा एक कोपरासुद्धा नीट उतरला नव्हता.

आणि आभाळ रोज थोडं पुढे सरकत होतं. घाट्यांवर एक चांगली सर आली की हरभरा काळा पडतो, दुसरी आली की आतल्या आत मोड येतात. मग तो ना खायचा, ना विकायचा, ना पेरायचा. खाण्याचं पुढे बघता आलं असतं. बियाचं तसं नव्हतं. हे बी नाक्याच्या बापापासून गाळात रुळलेलं होतं. बाजारचं बी एकदा पेरून बघितलं होतं, ते गाळात सडलं होतं.

डांबरवाले मात्र भराभर खाली सरकले. चौथ्या दिवशी भट्टीचा वास घरात आला, आणि पाचव्या दिवशी सकाळी जीपमधून साहेब उतरले. साहेब पोरगेलेच होते, बुटांवर धूळ बसू नये म्हणून पाय उचलून टाकत होते. रस्त्यावरचा ढीग बघून त्यांनी मुकादमाला विचारलं की हे काय आहे. मुकादमाने नाक्याकडे बोट केलं.

नाक्या काठी टाकून पुढे झाला. चार दिवस थांबा, म्हणाला. बाकी सगळं करा, हा गोल तेवढा शेवटी घ्या.

"राज्य मार्गावर पीक टाकणं गुन्हा आहे, माहीत आहे ना?" साहेब म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "आणि रस्ता व्हावा म्हणून येत होतात ते तुम्हीच ना? मी बघितलंय तुम्हाला बाकावर."

नाक्याला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं की बाकावर तो कुणाला तरी दिसत होता. त्याला त्याचा राग आला की लाज वाटली, हे त्याचं त्यालाच उमजलं नाही. त्याने मान हलवली. मग तिघांनी मिळून सगळा ढीग ताडपत्रीवर ओढून अंगणाच्या कडेला नेला. ओढताना पिकलेले घाटे गळत होते आणि मागे रेघ उमटत होती. साहेब जीपला टेकून फोनवर बोलत राहिले. मुकादमाने घड्याळ बघितलं.

दुपारपर्यंत गोल नवा झाला. काळा, सपाट, चकचकीत. म्हातारी काठी टेकत जाऊन बघून आली. आम्ही केला तो दगडी होता, म्हणाली, हा पाण्यासारखा आहे. जीप गेली. मुकादम माणसांना घेऊन खिंडीच्या मोरीवर गेला. शेवटचा हात फिरवायला रोलर आणि त्याचा चालक तेवढे मागे राहिले.

रोलरवाला पन्नाशीचा, जाडसर, बडबड्या माणूस. पाणी मागायला आला आणि अंगणात टेकला. कुठले कुठले रस्ते त्याने दाबले ते सांगत बसला. नदीपलीकडे तेव्हाच पहिल्यांदा गडगडलं. नाक्याने आभाळाकडे बघितलं, मग ताडपत्रीकडे, मग रोलरकडे. त्याच्या चेहऱ्यावर काय आलं ते बायकोने ओळखलं आणि ती चुलीपुढून उठून आली.

"नाही," ती म्हणाली.

"मी अजून बोललो कुठे?"

"बोलू पण नका. बसचं चाक रबराचं होतं. हे लोखंड आहे."

नाक्या म्हणाला, जाड थर दिला तर खालचं वरचं सांभाळतं. बसखाली एक थर देत होतो, इथं तीन थर देऊ. रोलरवाला मान हलवायला लागला. दाणा फुटेल, म्हणाला, खडी फुटते तिथं हरभऱ्याचं काय. मग नाक्याने त्याला हरभऱ्याच्याच झाडावर चढवलं. तुमच्यासारखा हात कुणाचा नाही, सकाळपासून बघतोय, तुम्ही मनात आणलं तर रोलर अंड्यावरून न्याल. रोलरवाला नाही नाही म्हणत पाणी प्याला, तांब्या ठेवला, आणि म्हणाला की हळू सोडला तर जमेलही. रोलरचं वजन कमी करायला त्याच्या चाकातलं पाणी सोडून देता येतं, तेवढं करतो.

बायको म्हातारीकडे वळली. काहीतरी म्हणा, असं तिच्या डोळ्यांत होतं. म्हातारी आभाळाकडे बघत होती. तिने खांदे उडवले.

पुन्हा गडगडलं तेव्हा बायकोनेच ताडपत्रीचं टोक धरलं.

घाईघाईने पसरलं. नव्या डांबरावर, गोलाच्या लांबीने, गुडघ्याएवढा जाड पट्टा. डांबर अजून पायांना कोमट लागत होतं. ते बायकोच्या लक्षात आलं, नाक्याच्याही आलं असेल. पण वारा सुटला होता आणि वाळलेली झाडं उडायला लागली होती, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष ती दाबून धरण्यात होतं. रोलरवाल्याने इंजिन सुरू केलं.

पहिली फेरी गेली तशी कडकड करत घाटे फुटले. असा आवाज बसखाली कधी झाला नव्हता. नाक्याचा चेहरा उजळला. त्याने वरचा थर हाताने उचलून बघितला, तर दाणे सुटे, पिवळे, गोल. ओंजळभर दाणे त्याने बायकोपुढे धरले. "बघ."

तिने बघितलं. मग ती खाली बसली आणि हात थरातून आत, डांबरापर्यंत घातला. हात बाहेर आला तेव्हा बोटांना पीठ लागलं होतं, आणि पिठात डाळ. तिने पुन्हा हात घातला. खालचे दाणे निघेनात. तिने झाडं बाजूला लोटली. कोमट डांबरात हरभरे बसले होते, जवळ जवळ, नीट, कुणी मुद्दाम बसवावेत तसे.

रोलर पट्ट्याच्या टोकाशी जाऊन, उलटा फिरून मागे येत होता. ती उठली आणि त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. हात वर केला नाही, ओरडली नाही. रोलर थांबला.

"काय झालं वहिनी?"

"आता हलवू नका."

रोलरवाला खाली उतरला आणि वाकून बघायला लागला. मग हळूच म्हणाला की इथं उभा ठेवून चालणार नाही. पाऊस आला तर नव्या डांबरावर चढ चढणार नाही, आणि मुकादम आपला जीव घेईल. पुढेही हरभरा होता, मागेही. ज्या बाजूला हलला असता त्या बाजूचे उरलेसुरले दाणे गेले असते.

"मग पुढचं उचला," बायको म्हणाली. ती हे नवऱ्याला म्हणाली की रोलरवाल्याला, ते कळलं नाही. दोघांनीही वाकून उचलायला सुरुवात केली.

रोलरला जायला वाट करायची म्हणून चौघांनी पट्टा मधोमध फाडला. झाडं मिठीत भरायची, दाणे गळू न देता न्यायची, ताडपत्रीवर टाकायची. रोलरवाला धापा टाकत होता, पण थांबला नाही. म्हातारी बसल्या बसल्या सरकत, वरवरचे अखंड दाणे वेचून ओच्यात टाकत होती. नाक्या दाताळं ओढत होता आणि प्रत्येक ओढीला डांबरावर दातांचा ओरखडा उठत होता. पहिले थेंब पडले तेव्हा वाट जेमतेम मोकळी झाली होती. रोलर गेला. जाताना रोलरवाल्याने मागे वळून बघितलं नाही.

मग पाऊस आला. ताडपत्री जेवढी पुरली तेवढ्यावर ओढली, उरलेलं घरात कोंबलं. गोलाच्या उतारावरून पीठ, डाळ, कोंडा आणि सुटे दाणे पाण्याबरोबर निघाले, आणि जुन्या तराफ्याच्या धक्क्यावरून नदीत गेले. नाक्या पागोळीखाली उभा राहून ते बघत होता. बायकोने एकदा त्याला आत या म्हटलं. दुसऱ्यांदा म्हटलं नाही.

पुढचे दोन दिवस घरात पाय ठेवायला जागा नव्हती. ओली झाडं आढ्याला टांगली, चुलीभोवती पसरली. घर आंबूस वासाने भरलं. डाळ झालेले दाणे पेरून उपयोग नसतो, फुटका दाणा उगवत नाही. काळे पडलेलेही उपयोगाचे नाहीत. म्हातारी सूप मांडीवर घेऊन एक एक दाणा बोटाने फिरवून बघत होती आणि अखंड असेल तो मडक्यात टाकत होती. मडकं भरायचं नाव घेत नव्हतं. निम्म्या पट्टीलाही बी पुरणार नाही, हे दिसत होतं. नाक्या आणि बायको कामापुरतं बोलत होती. हे धर. तिकडे ठेव. बास.

तिसऱ्या दिवशी ऊन पडलं आणि मुकादम आला. गोलात उभा राहून त्याने दोन्ही हात कमरेवर ठेवले. डांबरात दाण्यांचा पट्टा उठलेला होता, त्यावर दाताळ्याचे ओरखडे. साहेबांनी बघितलं तर मला खातील, म्हणाला. मग चरफडत, वरून एक पातळ हात मारून घेऊ, असं ठरवून गेला. आठवडाभर कुणी आलं नाही. डांबर संपलं होतं म्हणे. दोन-तीन सरी मात्र येऊन गेल्या. खिंडीतली मोरी अर्धवट राहिली होती, त्यामुळे बस अजून वीटभट्टीवरच होती.

मग एका सकाळी बायको पाणी भरायला निघाली आणि घागर खाली ठेवून उभी राहिली.

डांबर हिरवं झालं होतं. गोलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, जिथं पट्टा पसरला होता तिथं, बोटाएवढी रोपं वर आली होती. काही ओरखड्यांच्या खाचांतून, काही साइडपट्टीच्या सांध्यातून, आणि काही तर नुसत्या दाण्याच्या जागेतून. पातळ, सरळ, पानं नीट उघडलेली. गाळातही इतकी दाट उगवण कधी झाली नव्हती.

तिने नाक्याला हाक मारली नाही. तो आपणहून आला, तिच्याशेजारी थांबला.

गुराख्याने वर सांगितलं असावं, मुकादमाचा निरोप दुपारीच आला. मुळं आत गेली तर डांबर सुटेल, साहेब परवा येणार आहेत, त्याच्या आत सगळं उपटून साफ करून ठेवा. तुमचा माल आहे, तुम्हीच काढा.

नाक्याने खुरपी आणली. एक बायकोला दिलं, एक स्वतः घेतलं, आणि दोघं राज्य मार्गावर उकिडवी बसून खुरपायला लागली. ऊन चढलं. डांबर पायांना पोळत होतं. रोप धरायचं, खुरप्याच्या टोकाने मूळ उचकटायचं, बाजूला टाकायचं. सवयीने ती ओळीत सरकत होती, जसं रानात सरकतात. हात सवयीचे होते, फक्त रानात तण काढतात आणि इथं ती पीक काढत होती.

म्हातारी काठी टेकत आली आणि त्यांच्यामागे वाकून उभी राहिली. उपटलेलं एक रोप तिने उचललं. मुळाला दाण्याचं साल अजून चिकटलेलं होतं. तिने ते अंगठ्याने पुसलं.

"बी चांगलं होतं," ती म्हणाली.

पुढे दोघांनी मान वर केली नाही. खुरप्यांचा डांबरावर आवाज होत राहिला.